हवेची वाटणी

नागपुरात थंडी आल्याचं मला स्वेटरवरून कळत नाही, खोकल्यावरून कळतं. दिवाळीचे आकाशकंदील अजून उतरलेले नसतात, दुपारी पंखा लावावा लागतो, आणि एक दिवस दवाखान्याच्या बाकावरची पाच-सहा पोरं एकदम ठसकायला लागतात. मी लहान मुलांचा डॉक्टर. इतक्या वर्षांत मला खोकले वेगवेगळे ओळखू येऊ लागले आहेत. घसा खरवडणारा वेगळा, ओल्या छातीचा वेगळा आणि ज्याच्या शेवटाला बारीक शीळ वाजते तो वेगळा. बायको म्हणते, नाटकाला गेलो तरी तुमचं लक्ष मागच्या रांगेतल्या खोकल्याकडेच. खरं आहे.

यंदाची थंडीही तशीच आली. सकाळी धरमपेठेत फिरायला निघालो तर वळणावर कुणीतरी कडुलिंबाचा पाचोळा पेटवून ठेवला होता. थंडीत धूरसुद्धा वर जायला कुरकुर करतो, रस्त्यालगतच लोळत पडतो. मी रुमाल नाकाशी धरला आणि पलीकडच्या गल्लीने गेलो. रोजचीच गोष्ट. पण त्या गल्लीत शिरताना मला दर वर्षी कामठीतली एक थंडी आठवते आणि समू आठवते. तिला जायला पलीकडची गल्ली नव्हती.

तेव्हा मी दर गुरुवारी कामठीच्या एका धर्मादाय दवाखान्यात बसायचो. शेअर ऑटोने जायचो. लष्करी छावणीचा भाग लागला की रस्ते रुंद आणि झाडं शिस्तीत उभी. तो संपून गल्ल्या सुरू झाल्या की कानावर पावरलूमची खटखट यायची. दोन्ही बाजूंच्या घरांतून, एका लयीत, दिवसभर. पहिले काही आठवडे मला वाटायचं, इथली माणसं सारखी भांडतात का? मग कळलं, भांडत नाहीत, मागाच्या आवाजाच्या वर बोलायची सवय आहे. दवाखान्यात माग नसायचा तरी आवाज तेवढाच. एखादी बाई लेकराला जुलाब लागल्याचं असं सांगायची की रस्त्यावरच्या पानठेल्यालाही कळावं.

दमा हा शब्द मात्र मोठ्याने कुणी म्हणत नसे. खरं तर तो धरमपेठेतही कुणी म्हणत नाही. तिथे मुलाला ‘ॲलर्जीची टेंडन्सी’ असते आणि कामठीत ‘छाती भरते’. धरमपेठेतली आई दार लोटून घेऊन हळूच विचारते, “डॉक्टर, मुलगी आहे हो. फाइलवर अस्थमा लिहायलाच पाहिजे का?” कामठीतली आई भर बाकावरून विचारते, “पंप लागला का सुटत नाही म्हन्ते, खरं हाय का?” भीती एकाच घराण्यातली. इथपर्यंत दोन्ही मुलं मला सारखीच वाटायची. फरक पुढे पडायचा. धरमपेठेतल्या मुलाचा एक पंप, म्हणजे इनहेलर, दप्तरात असायचा, एक शाळेच्या ऑफिसात, एक आजोळी. सकाळ-संध्याकाळ तो ओढायचा आणि वर्षभर फुटबॉल खेळायचा. कामठीतलं मूल श्वास कोंडला की ‘भाप’ घ्यायला यायचं, म्हणजे मशीनमधून औषधाची वाफ. ओठांचा रंग परत आला की घरी जायचं आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा यायचं. विहिरीत पडलेल्याला दर वेळी दोर टाकून काढावं आणि विहिरीला कठडा मात्र कुणी बांधू नये, तसा तो कारभार होता. मी त्या कारभाराचाच एक दोर होतो, आणि तेव्हा मला त्याचं फारसं काही वाटत नसे.

समू त्या थंडीत भापेला आली. पूर्ण नाव समृद्धी, पहिलीत होती. केस तेल लावून चापून बसवलेले, समोरचे दोन दात पडलेले. तिची आई वैशाली नरखेडकडची, संत्र्याच्या बागायतीतून लग्न करून मागाच्या घरात आलेली. नवरा नरेश दिवसरात्र माग चालवायचा. घरात सासू होत्या, शेवंताबाई. त्यांचा उभा जन्म मागासाठी कांड्यांवर सूत भरण्यात गेला होता. त्या कधी दवाखान्यात येत नसत. त्यांचं मत वैशालीच्या तोंडून यायचं: “सासूबाई म्हन्ते, आपल्या खानदानात कोनाले दमा नाही.”

मी वैशालीला सांगितलं होतं की श्वासाची शीळ ऐकू आली की लगेच आण, थांबू नको. हे वाक्य मी वर्षानुवर्षं सगळ्या आयांना सांगत आलो आहे. तरी समू दर वेळी उशिराच यायची, बरगड्या आत ओढल्या जात असताना, बोलता येत नसताना. एका गुरुवारी वैशाली माझ्यासमोर बसली आणि तिच्या त्या खणखणीत आवाजात म्हणाली,

“डाक्टरसाहेब, काल दुपारी लाइन गेली, तवा समजलं मले.”

“काय समजलं?”

“हिची छाती वाजून राहिली थे! माग चालू असला का काहीच आयकू येत नाही नं. लाइन गेली, सारं शांत झालं, अन् मले वाटलं मांजराचं पिल्लू घुसलं घरात. खाटेखाली पाह्यलं, कोनाड्यात पाह्यलं. तं हे! झोपून राहिली अन् वाजून राहिली.”

शीळ ऐकू आली की आणा, हे वाक्य शांत घरांसाठी होतं. जिथे दिवसरात्र माग चालतात तिथे लेकराचा श्वास फक्त वीज गेली की ऐकू येतो, आणि कामठीत वीज काही माझ्या सोयीने जात नव्हती. मग मी वैशालीला कान सोडून द्यायला सांगितलं. सदरा वर करून बरगड्यांच्या मध्ये खड्डा पडतो का ते बघ, गळ्याच्या खळगीत बघ. ती लगेच म्हणाली, “असं सांगा नं. डोळ्याचं काम जमते आम्हाले.” तुटलेला धागा उडत्या मागात दिसणाऱ्या घरातली बाई ती. तिला खरंच जमलं. त्यानंतर समू वेळेवर यायला लागली.

पंपही सुरू झाला. पंपाला एक प्लास्टिकचं नळकांडं जोडायचं, औषध त्यात उडवायचं आणि लेकराने त्यातून श्वास घ्यायचा. वैशाली दोन्ही वेळा द्यायची, मला खात्री होती. तरी छाती वाजायची ती वाजायचीच. मी म्हटलं, पुढच्या गुरुवारी येताना सामान घेऊन ये. तिने पिशवीतून कोऱ्या सुती कापडात गुंडाळलेलं नळकांडं काढलं, नवरीच्या बांगड्या काढाव्यात तसं. रोज धुवायची, मागावरून नुकत्याच उतरलेल्या कापडाने आतून-बाहेरून चोळून पुसायची. इतकं चकचकीत नळकांडं मी दुकानातही पाहिलं नव्हतं. पण प्लास्टिक चोळून पुसलं की ते औषध स्वतःकडेच ओढून धरतं, आणि कोऱ्या कापडाची रुई आत राहते ती वेगळीच. नुसतं धुवायचं आणि झटकून वाळत ठेवायचं असतं. पुसू नका असं कुणी सांगत नाही, कारण पुसण्यात काही वावगं असेल हे कुणाच्या मनातच येत नाही. वैशालीला मी हे सांगितलं तर ती एकदम हिरमुसली. म्हणाली, “म्हंजे नीट केलं थेच चुकलं?” मला तिचं वाईट वाटलं. आळशी आई असती तर तिच्या मुलीला औषध जास्त पोचलं असतं.

त्याच थंडीत माझी मुलगी बाळंतपणाला आमच्याकडे आली होती. नात दहा-बारा दिवसांची झाली आणि एका सकाळी घरभर ओव्याचा, वावडिंगाचा आणि लसणाच्या सालींचा खमंग वास पसरला. बायकोने निखाऱ्यांवर धुरी घातली होती आणि नातीला तिच्यावरून ओवाळल्यासारखं फिरवत होती. मी तोंड उघडलं. ती म्हणाली, “अहो, तुम्ही जरा बाहेर बसता का? आम्ही सगळे याच धुरीतून मोठे झालो.” मी बाहेर बसलो. घरात माझी डॉक्टरकी दाराबाहेर चपलांशेजारी असते. नात दोनदा शिंकली, मग बायकोने चारही खिडक्या उघडल्या, पंखा लावला आणि पाच मिनिटांत धुराचा मागमूस राहिला नाही. बाळ शांत झोपलं.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. वैशालीने सांगितलं की सासूबाई समूला रोज संध्याकाळी धुरी देतात. तोच ओवा, त्याच लसणाच्या साली, तीच माया. फक्त समू झोपायची त्या खोलीला खिडकी नव्हती. मागाच्या खोलीत वारा चालत नाही, सूत हलतं. म्हणून दारही ओढून घेतलेलं. पुस्तकं अशा घरांबद्दल अज्ञान, गैरसमज असे शब्द वापरतात. मला ते शब्द त्या दिवसापासून लिहवत नाहीत. मग माझ्या घरातल्या अज्ञानाला काय म्हणायचं? आमच्याकडे तेच अज्ञान खिडकीतून निघून जातं, एवढंच.

वैशालीने धुरी बंद करायचं नाव काढलं तर सासू म्हणाल्या, “काहून वं, मी वाईट करून राहिली का तिचं?” नरेशला रात्रीपुरते माग थांबवण्याबद्दल विचारलं तर तो म्हणाला, माग बंद ठेवले की सूत देणारा शेठ ते दुसऱ्याच्या घरी टाकतो. सगळेच आपापल्या जागी बरोबर होते आणि समूचे ओठ निळे पडत होते. पौषात एकदा ते इतके निळे पडले की मी तिला नागपूरला मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथून ती वाचून परत आली तेव्हा घरात ठरलं होतं, पोरीला नरखेडला मामाकडे ठेवायचं.

नरखेडची हवा काही देवलोकातून येत नाही. तिथेही कापसाच्या पऱ्हाट्या जाळतात, बागेत फवारणी होते, मोटरसायकली धूर सोडतात. पण रात्री समू ज्या ओसरीत झोपायची तिथे माग नव्हता. दोन-तीन आठवड्यांत छाती मोकळी झाली. वैशाली मला हे सांगायला मुद्दाम दवाखान्यात आली, एकटी, आणि बाकावर नंबर लावून बसली. आत आल्यावर म्हणाली, “पळते म्हन्ते आता. झाडावर चढते.” मी म्हटलं, चांगलं झालं. ती म्हणाली, “हो नं.” मग पदराशी चाळा करत बसून राहिली. तिचा आवाज पहिल्यांदाच मला खुर्ची पुढे ओढून ऐकावा लागला.

“फोनवर बोलाले येत नाही थे. मामीजवळ झोपते. मामीलेच आई म्हनून राहिली, असं भाऊ हासत हासत सांगत होता. सासूबाई म्हन्ते, तिथीसाच शाळेत नाव टाकून देऊ.” मग माझ्याकडे बघून तिने विचारलं, “डाक्टरसाहेब, श्वास पाह्यजे तं आई सोडाव लागते का?”

मी काहीतरी म्हणालो असेन. डॉक्टर लोक काहीतरी म्हणतातच. पण परत येताना ऑटोत मला प्रथमच असा राग आला की तो कुणावर काढावा ते कळेना. माझ्या धरमपेठेतल्या एकाही पेशंटला श्वासासाठी आपलं घर सोडावं लागलेलं नव्हतं. त्यांच्या आया विचारतात, पोहायला पाठवू का, मांजर पाळली तर चालेल का.

होळीला समू घरी आली. चौथ्या-पाचव्या दिवशी दवाखान्यात, छाती वाजत. या वेळी सोबत शेवंताबाईही होत्या, पहिल्यांदा. काटक, नाकात चमकी, बाकावर ताठ बसलेल्या. आत येऊन खुर्चीत बसल्यावर त्यांनी आधी दम घेतला, मग बोलल्या.

“पाहा गा डाक्टर, मी तं पहिलेच सांगतलं. आमच्यात नाही हे. पोट्टी आईवर गेली. तिथीसाच राहू द्या म्हना तिले.”

वैशाली खाली बघत होती. मी समूच्या हातात फुंकर मोजायचं यंत्र दिलं. साधी प्लास्टिकची नळी असते, जोराने फुंकलं की लाल काटा पुढे सरकतो. समू लाजली. तोंडात नळी धरून नुसती बघत राहिली. शेवंताबाईंना ते सहन होईना. “अशी काय फुकते वं, चूल फुकल्यावानी फूक. आन इकडे, दाखोतो तुले.” त्यांनी नळी घेतली, पदराने पुसली, छाती फुगवली आणि फुंकलं.

काटा थोडा सरकला आणि थांबला.

“मशीन बिघडली तुमची,” त्या म्हणाल्या. पुन्हा फुंकलं. काटा तेवढ्यावरच. तिसऱ्या वेळी त्यांना खोकल्याची उबळ आली आणि टेबल धरावं लागलं. मग समूने नळी घेतली. दमलेल्या छातीने, पण पोरासारखं सगळं अंग लावून फुंकलं. काटा आजीच्या खुणेच्या पुढे गेला. ती पडक्या दातांनी हसली. “आजी, तुह्यं माह्याहून कमी!”

शेवंताबाईंनी तिच्या हातातून यंत्र घेऊन टेबलावर ठेवलं. मी विचारलं, सकाळी खोकला येतो का? “थे तं साऱ्याईलेच येते,” त्या म्हणाल्या. जिना चढताना थांबावं लागतं? “सारेच थांबते.” तुमच्या सासूबाईंना थांबावं लागायचं? त्यांचे डोळे कुठेतरी लांब गेले. खानदानात दमा नव्हता हे त्या खोटं सांगत नव्हत्या. ज्या घरात सगळेच जिन्यात थांबतात तिथे थांबण्याला कोण आजार म्हणेल? उठता उठता त्यांनी मला विचारलं, “काहून गा, हिचं बी असंच होईन का?”

“मागाजवळच झोपली तर होईल,” मी म्हटलं.

त्या वैशालीकडे न बघता बाहेर पडल्या.

आमच्या व्याख्यानांमध्ये ‘विषमता कमी करणे’ असा एक शब्दप्रयोग असतो. मीही तो वापरला आहे, एअरकंडिशन्ड सभागृहात, पडद्यावर नकाशे दाखवून. पंप स्वस्त मिळावेत, शाळेत मिळावेत, कारखान्यांच्या आणि मागांच्या खोल्यांना वारा असावा, हे सगळं खरं आहे आणि झालंच पाहिजे. काही थोडं झालंही आहे. आता तो दवाखाना पंप देतो, भापेची रांग आखूड झाली आहे. पण ती सगळी मोठी कामं होईपर्यंत घरातल्या माणसांना आज रात्री कोण कुठे झोपणार ते ठरवावंच लागतं.

समू परत नरखेडला गेली नाही. पुढच्या थंडीत तिला एकदाही भाप लागली नाही. आता मोठ्या वर्गात आहे, कबड्डी खेळते. मला आनंद होतो, खोटं कशाला बोलू. पण त्या आनंदाच्या मागोमाग मला त्यांचं घर आठवतं. तिथे मी एकदाच गेलो, दवाखान्यातल्या त्या दिवसानंतरच्या गुरुवारी. मागाच्या खोलीत कुठे पडदा, कुठे झरोका करता येईल का ते बघायला गेलो होतो.

पुढची मोठी खोली मागांची. तिथेच एका कडेला नरेश, वैशाली आणि समूचं अंथरूण. छताच्या जाळ्यांवर रुईची पांढरी लव धरलेली. मागे एक लहान खोली, तिला खिडकी, खिडकीबाहेर कडुलिंब. त्या खोलीत देव आणि शेवंताबाईंची खाट, एवढंच मावत होतं. देवावर रुई बसू नये म्हणून तिचं दार नेहमी लावलेलं. घरातली चांगली हवा देवाला आणि थोरल्या माणसाला द्यायची, ही त्या घराची रीत. उभा जन्म मागाजवळ काढल्यावर म्हातारपणी शेवंताबाईंच्या वाट्याला ती खिडकी आली होती. कुणी ती मागणं शक्यच नव्हतं. मीही मागितली नाही.

मी पोचलो तेव्हा नरेशने माग थांबवलेले होते आणि तो खाट बाहेर काढत होता. शेवंताबाई दारात उभ्या राहून हुकूम सोडत होत्या. “तिरपी कर, तिरपी. देव तिथीसाच राहू दे. वैशाली, तुह्यं अन् पोट्टीचं अंथरून खिडकीखाली टाक. अन् आईशिवाय झोपत नाही थे, तं तू बी आतच झोप.” वैशाली गादी हातात घेऊन तशीच उभी होती, तिला पाऊल टाकवत नव्हतं. डोळे वाहत होते. “पाहून काय राहिली वं? टाक म्हटलं नं.”

मी म्हटलं, “शेवंताबाई, तुमच्या छातीला ही मागाची खोली बरी नाही.”

“मले तिथी झोपच येत नव्हती गा. सन्नाटा खाते. मागाच्या आवाजात कशी गाढ लागते.”

खाट दोन मागांच्या मध्ये बसवली. नरेशने बटण दाबलं, माग सुरू झाले, आणि त्या आवाजात कुणाचंच बोलणं ऐकू येईना. समू आतल्या खिडकीशी उड्या मारत होती. शेवंताबाई खाटेवर बसल्या. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, खांदे वर उचलून, थोड्या पुढे वाकून. श्वास पुरत नाही ती माणसं अशीच बसतात. त्यांना वाटत होतं, त्या नुसत्या दमून टेकल्या आहेत.